देवापुढची वस्त्रे (लेखांक 5) : सोवळे

गेल्या आठवड्यात हजच्या इहरामाविषयी लिहिले. पुरुषाच्या अंगावर न शिवलेल्या पांढऱ्या कापडाचे दोनच तुकडे, एक कमरेला आणि एक खांद्यावर. आपल्याकडचा सोवळ्यातला पुरुषही दिसायला फारसा वेगळा नसतो. धोतर आणि उपरणे. सदरा नाही, बंडी नाही, शिलाईचा टाका नाही. मात्र सोवळ्यामागचा विचार निराळा आहे. ‘देवळात काय घालून जावे’ या सध्याच्या वादात सोवळ्याचे नाव वारंवार निघते, आणि बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीच्या समर्थनासाठी निघते. म्हणून हा लेखांक.

सोवळ्याची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. सुती धोतर किंवा लुगडे धुऊन, पिळून, उंच दांडीवर काठीने वाळत घालायचे. येता-जाता कोणाचा धक्का लागू नये म्हणून दांडी पार आढ्याजवळ. त्यानंतर त्याला कोणी हात लावायचा नाही. सकाळी आंघोळ करून ओल्या पंच्यानेच यायचे, त्याच काठीने वस्त्र खाली ओढायचे आणि नेसायचे. पुरुषाने कासोटा घालून, बाईने नऊवारीचा काष्टा घालून. मग देवपूजा, नैवेद्याचा स्वयंपाक आणि पुष्कळ घरांत जेवणही त्याच वस्त्रात. ते उरकले की सोवळे सोडायचे. ते नेसून बाजारात जायचे नाही की अंथरुणावर टेकायचे नाही. धोतर वाळलेच नसेल तर ओलेत्याने पूजा करायची, पण कोणी शिवलेले कोरडे वस्त्र चालायचे नाही.

रेशीम आणि लोकर यांना यात सवलत असे. मुकटा, कद, पीतांबर, धाबळी रोज धुवावी लागत नसत. वेगळी ठेवली आणि कोणी शिवले नाही की झाले. मला यात कापडाची जाण दिसते. रोज पाण्यात बुचकळून पिळले तर रेशमाचे तेज जाते आणि लोकर आटते. नियम करणाऱ्यांनी हे पाहिलेले असणार. शिवाय पीतांबर ही जन्मभराची चीज असे. येवल्याच्या मागांवर पैठणीच्या जोडीने पीतांबरही विणले जात, आणि लग्नात मिळालेला पीतांबर मुलाच्या मुंजीत, नातवाच्या बारशाला निघत असे.

आता लहान मुलाचा नियम पाहा. मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. आजी सोवळ्यात पुरण वाटते आहे आणि नातू धावत येऊन बिलगू पाहतो. आजी ओरडते, “शिवू नकोस रे! आधी कपडे काढ, मग ये.” पोर तिथल्या तिथे चड्डी-सदरा भिरकावून नागडे होते आणि खुशाल आजीच्या गळ्यात पडते. सोवळे मोडत नाही. म्हणजे ओवळेपण मुलाच्या अंगात नव्हते, अंगावरच्या कपड्यात होते. तो कपडा घालून ते अंगणात लोळले होते, गल्लीत खेळले होते. कपडा गेला की पोर जसेच्या तसे चालते.

ही रीत हजारो घरांत हसत-खेळत पाळली गेली. त्याच घरांच्या दाराशी आलेल्या काही माणसांना मात्र ती कधी लागू झाली नाही. त्यांनी आंघोळ करावी, धुतलेले नेसावे, हवे तर रेशीम नेसावे. विटाळ त्यांच्या देहातच आहे, सावलीत आहे, असे ठरवलेले होते. 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा अडवणाऱ्यांचा आक्षेप कोणाच्या धोतरावर नव्हता. वर्षानुवर्षे लढा चालला आणि दार बंद राहिले. पोराच्या बाबतीत कापड आणि माणूस यांतला फरक ज्यांना बरोबर कळत होता, त्यांनी इथे तो कळून घेतला नाही. सोवळ्याच्या इतिहासातला हा अन्याय मी कोणत्याही कौतुकाखाली झाकणार नाही.

घरातही सोवळ्याचा भार सारखा वाटलेला नव्हता. केशवपन केलेल्या, आलवण नेसणाऱ्या विधवेने ओलेत्याने पाणी भरावे, सोवळ्यात सगळ्या घराचा स्वयंपाक रांधावा, आणि सणासमारंभाला मात्र समोर येऊ नये. गोपाळ गणेश आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ सुरू केले आणि केशवपनावर, सोवळ्या-ओवळ्यावर कठोर लिहिले, ते हे डोळ्यांदेखत चालले होते म्हणून. आणि हे सारे सव्वाशे वर्षांपूर्वीच संपले, असेही नाही. 2017 साली पुण्यात, सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईने जात लपवली अशी फिर्याद पोलिसांत नोंदवली गेली. पुढे ती मागे घेतली गेली, पण ती करावीशी वाटली हे खरे.

सोवळ्याचा प्रश्न ‘अंग किती झाकले’ हा कधीच नव्हता. त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात जाणारा पुरुष उघड्या अंगानेच जातो. ओलेत्याने प्रदक्षिणा घालणारी बाई आजच्या कुठल्याही फलकाच्या कसोटीला उतरणार नाही. हे वस्त्र कशाला लागून आले आणि फक्त देवासाठी राखले आहे का, एवढेच तिथे पाहिले जाई. आजचे फलक वेगळीच गोष्ट मागतात. मे 2023 मध्ये तुळजापूरला भवानीच्या मंदिरात तोकड्या, अशोभनीय कपड्यांत आलेल्यांना प्रवेश नाही असे फलक लागले आणि विरोध होताच त्याच दिवशी उतरवले गेले. जानेवारी 2025 मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाने आखूड स्कर्ट आणि फाटक्या जीन्सना मनाई जाहीर केली. ही सभ्यतेची, चारचौघांत कसे दिसावे याची भाषा आहे. देवस्थानाला तसा नियम करावासा वाटला तर त्यावर वाद जरूर घालता येईल, पण तो नियम सोवळ्याच्या परंपरेतून आला, असे म्हणू नये. 2016 साली कोल्हापूरला अंबाबाईच्या गाभाऱ्यात सलवार-कमीज घालून जाऊ पाहणाऱ्या कार्यकर्तीला साडीच हवी म्हणून विरोध झाला. झाकण्याच्या हिशेबाने सलवार-कमीज साडीपेक्षा काकणभर सरसच, आणि शिवलेले नको म्हणावे तर साडीवरचा ब्लाउजही शिवलेलाच. मग आक्षेप नेमका कशावर होता?

पंढरपूरची गोष्ट याहून वेगळी. आळंदी-देहूहून अडीच-तीन आठवडे चालत आलेला वारकरी घामेजल्या सदऱ्यासह, कपाळाला बुक्का लावून रांगेत उभा राहतो आणि विठ्ठलाच्या पायांवर थेट डोके टेकवतो. पदस्पर्शाला सोवळे लागत नाही. हा समज मोठाच आहे. पण हे पायही सगळ्यांना सारखे मोकळे नव्हते. चोखामेळ्याची समाधी महाद्वाराबाहेर राहिली, आणि दलितांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. तेव्हा कुठे दार उघडले.

एवढे सांगूनही, ज्या घरांत आज कोणालाही न दुखावता सोवळे पाळले जाते त्यांच्याविषयी मला आदर आहे. दिवसभर अंगावर वागवलेले कपडे उतरवून, आंघोळ करून, फक्त पूजेसाठी ठेवलेले वस्त्र नेसले की मनही तिकडे वळते. ज्याला हे जमते त्याने जरूर करावे. मात्र बाजारातून सोवळे आणताना एक गोष्ट बघा. गणपतीच्या दिवसांत पुण्या-दादरच्या दुकानांत इलॅस्टिकची, वेलक्रोची शिवलेली सोवळी टांगलेली असतात. शिलाईबद्दल माझी तक्रार नाही. नेसता न येणाऱ्या मुलांची त्याने सोय होते. पण त्यांतली बरीच रेशमी दिसणारी कापडे पॉलिस्टरची असतात. निरांजन, आरती, होम या सगळ्यांत ज्योत हाताशी असते. अस्सल रेशीम आणि लोकर सहसा भडकत नाहीत, ज्योतीपासून दूर केली की विझू लागतात. पॉलिस्टर वितळते आणि कातडीला चिकटते. विकत घेण्यापूर्वी काठाचा एखादा सुटा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरडणारी राख उरली तर रेशीम. कडक काळा मणी उरला तर पॉलिस्टर. तसे निघाले तर त्यापेक्षा धुतलेला सुती पंचा बरा, फक्त उपरण्याचे पदर खोचून बसा, कारण सूतही चटकन पेट घेते.

पुढच्या लेखांकात जैन देरासरातली पूजेची वस्त्रे : न शिवलेले धोतर, खेस आणि मूर्तीला श्वासही लागू नये म्हणून तोंडावर बांधायचा आठ पदरी मुखकोश.