इंजिन बांधताना वजनाचा काटाही हवा

वडापची जीप महिन्याभरात गॅरेजला परत येते. इंजिन नुकतेच बांधलेले असते. बोअर केलेले, क्रँक ग्राइंडिंग केलेले, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सारे नवे. उभ्या गाडीत आवाज गोड. पण हायवेला वेग घेतला की स्टिअरिंगपासून सीटपर्यंत थरथर. मालक म्हणतो, “मिस्त्री, काम बसलं नाही.” मिस्त्री इंजिनचे फाउंडेशन रबर बदलून पाहतो. थरथर जात नाही. अशा वेळी दोष पुष्कळदा फिरणाऱ्या भागांच्या वजनात असतो, आणि वजन कोणी केलेलेच नसते.

कोल्हापुरात कारागिरी कमी नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि बोअरिंगची दुकाने आहेत, शिरोली व गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत. आपल्या समाजातील मुलेही शाळा सुटली की उस्तादाच्या हाताखाली पाना धरतात. पण इथला बराचसा हात शेतपंपाच्या ऑइल इंजिनवर तयार झाला. ते इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास चालते, जमिनीला बोल्टने आवळलेले असते. त्यात जे खपते ते मोटारीत खपत नाही.

का, ते हिशेबाने पाहू. फ्लायव्हीलवर मध्यापासून साडेबारा सेंटिमीटर अंतरावर १० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त आहे असे धरा. १५०० फेऱ्यांना ते सुमारे ३ किलोच्या जोराने बाहेर ओढते. ३००० फेऱ्यांना तोच जोर साडेबारा किलोंवर जातो. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. हा जोर प्रत्येक फेरीला दिशा बदलत मेन बेअरिंगवर आदळतो. थरथर हे झाले वरचे लक्षण; आत बेअरिंगचे आयुष्य कमी होत असते.

मूळ कारखान्याने वजने जुळवूनच इंजिन बाहेर पाठवलेले असते. ते बिघडते आपल्या हाताने. एकच पिस्टन खराब म्हणून दुसऱ्या कंपनीचा एक घातला, भंगारातला कनेक्टिंग रॉड चढवला, क्रँकच्या जर्नलवर वेल्डिंग भरून घेतले, प्रेशर प्लेट दुसरी लावली. यातले प्रत्येक काम कधी ना कधी करावेच लागते, त्यात गैर काही नाही. मात्र त्यानंतर वजन केले पाहिजे.

पहिली पायरी स्वस्त आहे. गुजरीतल्या सोनाराकडे असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या; मात्र रॉड तोलण्याइतकी त्याची ताकद हवी. सारे पिस्टन पिनसकट तोला. सर्वांत हलका तो प्रमाण माना आणि बाकीचे त्याच्यापर्यंत आणा, फरक एका ग्रॅमच्या आत. धातू काढायचा तो आतून, पिन बसते त्या बॉसच्या खालच्या अंगाने. पिस्टनच्या माथ्याला आणि रिंगांच्या खाचांना हात लावायचा नाही.

रॉडचे काम जरा नाजूक आहे. नुसते पूर्ण वजन जुळून भागत नाही, कारण मोठे टोक क्रँकबरोबर गोल फिरते आणि लहान टोक पिस्टनबरोबर वरखाली जाते. म्हणून रॉड आडवा, पातळीत धरून एक टोक काट्यावर आणि दुसरे टांगून तोलायचे, मग उलट. दोन्ही टोके वेगवेगळी जुळली पाहिजेत. रॉडच्या दांड्यावर आडवी घासणी कधीही करू नका, तिथूनच तो पुढे तडकतो. कॅपची अदलाबदल नको, हे सांगायला नको.

दुसरी पायरी मशिनची. क्रँक दोन धारांवर ठेवून जड बाजू खाली येते का, हे पाहणारे जुने उस्ताद आहेत. ती परीक्षा खोटी नाही, पण अपुरी आहे. क्रँकच्या एका टोकाला वरची बाजू जड आणि दुसऱ्या टोकाला खालची, तर तो धारांवर शांत पडून राहील. फिरवला की मात्र दोन्ही टोके उलटसुलट ओढतील. टायरच्या दुकानात चाक फिरवून शिशाचे तुकडे लावतात तसाच क्रँक मशिनवर फिरवून पाहावा लागतो. जड बाजूच्या काउंटरवेटमध्ये छिद्र पाडून वजन उतरवतात. पाठवण्यापूर्वी डायल गेज लावून तो वाकडा नाही ना ते बघा, आणि परत आल्यावर तेलाची भोके धुऊन घ्या; बुरादा राहिला तर सारी मेहनत मातीत. सरळ चार सिलिंडरचा क्रँक तसाच फिरवता येतो. व्ही आकाराच्या इंजिनचा असेल तर पिस्टन-रॉडच्या हिशेबाची वजने क्रँकपिनला बांधावी लागतात, म्हणून ते आकडे सोबत द्या.

आधी एकटा क्रँक, मग फ्लायव्हील जोडून, मग प्रेशर प्लेट जोडून, असे टप्प्याने बॅलन्सिंग करायला सांगा. सगळे एकदम केले आणि पुढे क्लच बदलला, तर नेमके काय बिघडले ते कळत नाही.

गिऱ्हाइकाला खोटी आशा मात्र देऊ नये. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाची एक थरथर रचनेतच असते. ती या कामाने जात नाही. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरचे. ते आयडलिंगला थोडे डुलते, त्याला मिस्त्री काय करणार?

खर्चाचे म्हणाल, तर तो आधी सांगावा आणि बिलात वेगळा दाखवावा. मालकाने नको म्हटले तरी तोलण्याचे काम आपल्या काट्यावर करता येते. मशिनवर न चढवलेल्या क्रँकचे पैसे लावणारेही आहेत. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात अल-मुतफ्फिफीन ही सूरह आहे. बाजारातल्या तराजूची ती बाब म्हणून गॅरेजवाला त्यातून सुटतो, असे मला वाटत नाही. पिस्टन आणि रॉडची वजने कागदावर लिहून एक प्रत मालकाला द्यावी. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर समोरासमोर पंचाची खूण करावी, म्हणजे पुढच्या वेळी क्लच दुसऱ्या गॅरेजात उतरवला तरी प्लेट होती त्याच जागी बसेल.