विश्लेषण : तणमोराच्या घरट्याचा पत्ता आजोबांना का विचारायचा?

पावसाळ्यात गवतातून काळा-पांढरा पक्षी उभी उडी मारतो आणि पुन्हा तिथेच उतरतो. नांदुरा परिसरातील एखादे आजोबा असे सांगत असतील, तर ती केवळ गोष्ट नाही. ती तणमोराची नोंद असू शकते.

तणमोर कोण?
माळढोकाच्या कुळातील भारतातला हा सर्वांत लहान पक्षी, कोंबडीएवढा. जुलै ते सप्टेंबरमध्ये नर दिवसाला शेकडो उड्या मारून मादीला बोलावतो. मादी जमिनीवरच, गवतात किंवा उभ्या पिकात तीन-चार अंडी घालते. १९९९ मध्ये सुमारे साडेतीन हजार तणमोर असल्याचा अंदाज होता. २०१७-१८ मध्ये तो ७०० च्या खाली आला. २०२१ पासून तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे.

आठवणीच का?
महाराष्ट्रात तणमोर प्रामुख्याने अकोला-वाशीमकडे दिसतो. त्याचे घरटे झाडावर नसते, त्यामुळे मागे खूण उरत नाही. ई-क्लासचे गवत कुठे होते आणि ते कधी नांगरले गेले, हे गुराखी, डवरणी करणारे शेतकरी, निंदणाऱ्या महिला आणि फासेपारधी यांनाच ठाऊक असते.

कसे विचारायचे?
आधी पक्ष्याचे नाव सांगू नये, फोटोही दाखवू नये. वर्णन त्यांनाच करू द्यावे. साल आठवत नसेल, तर ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘पोळ्याआधी की नंतर?’ असे विचारावे. अंडी उघड्या खडकाळ जमिनीवर होती असे सांगितले, तर ती बहुधा टिटवीची. एकाच जागेबद्दल दोघांना वेगवेगळे विचारले, तर नोंद पक्की होते.

लोक बोलतील का?
इंग्रजांच्या काळात गुन्हेगार ठरवला गेलेला पारधी समाज १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून कायद्याने सुटला, पण भीती उरली. तणमोराच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे जुनी हकिकत सांगणाऱ्याला ती कबुलीजबाबासारखी वाटू शकते. म्हणून त्याच्या संमतीशिवाय नाव लिहू नये आणि नेमकी जागा व्हॉट्सॲपवर टाकू नये. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊनच तणमोर संवर्धनाचे काम करते.

उपयोग काय?
मध्य प्रदेशात सलीम अली यांच्या सूचनेवरून १९८३ मध्ये सैलाना अभयारण्य झाले. तिथे तणमोराची खबर देणाऱ्या गावकऱ्यांना बक्षीसही दिले गेले आहे. नांदुऱ्यातही आठवणीतल्या ज्या जागेवर आज गवत शिल्लक आहे, तिथे पावसाळ्यात आधी शोध घेता येईल. मात्र ते गवत पाहिलेली पिढी आता सत्तरीपुढे गेली आहे.