रेडिओतली खरखर

१९५६ साली खानापूर म्हैसूर राज्यात गेले, तरी पुढे पणजी-सांगली आकाशवाणीचे मराठी मध्यमलहरींवरून येथवर येत राहिले. सीमेने जे अडविले नाही ते घरातल्या स्वस्त एलईडी दिव्याने अन् चार्जरने अडवावे, याला काय म्हणावे? त्यांतला वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. त्या कंपनांच्या पटी मध्यमलहरींत घुसतात आणि दूरचे क्षीण केंद्र खरखरीत बुडते. आत वेटोळे व कपॅसिटर यांची गाळणी बसविली की हा गोंगाट आवरतो. पण चार पैशांसाठी नेमकी तीच वगळतात! दिव्यांकरिता ‘सिस्पर १५’ हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. बाजारातला माल त्यावर कसोशीने पारखावा, अशी आमची भारतीय मानक ब्यूरोकडे मागणी आहे. तोवर श्रोत्यांनी रेडिओ सेलवर लावून घराचा मेन स्विच बंद करून पाहावा. खरखर थांबली तर चोर घरातलाच. न थांबल्यास शेजाऱ्यांशी गोडीने बोलावे.