आकडा नेमका कुठला?

“काका, तुम्ही कारखान्यात करता तरी काय?” असं घरातली मुलं विचारतात. मी इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. त्यांना मी गुऱ्हाळाचं उदाहरण देतो, कारण आपल्या भालकीकडे ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, गोळी होते का बघतो आणि काहील उतरवायची की नाही ते तिथल्या तिथे ठरवतो.

ठिबकची नळी किंवा पाण्याची टाकी ज्या पॉलिथिलीनची बनते, त्याचंही असंच आहे. छोटे रेणू जोडून लांब साखळ्या तयार होतात. साखळी किती लांब, यावर प्लास्टिकचा गुण ठरतो. तो प्रयोगशाळेत तपासतात: 190 अंशांवर वितळलेलं प्लास्टिक 2.16 किलोच्या वजनाखाली 10 मिनिटांत किती ग्रॅम वाहतं, ते मोजायचं. पण नमुना नेऊन उत्तर येईपर्यंत संयंत्रातून टनावारी माल निघून गेलेला असतो. म्हणून तापमान, दाब आणि वायूंचं प्रमाण सतत मोजून संगणक गुणाचा अंदाज बांधत राहतो. साखळ्या लांबायला लागल्या, की हायड्रोजन थोडा वाढवायचा. साखळ्या आखूड होतात. रायगडमधल्या नागोठण्याला पॉलिथिलीनचे असे मोठे कारखाने आहेत.

हे फक्त मालाच्या दर्जापुरतं नाही. विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समध्ये लॉकडाऊनच्या काळात काम बंद होतं, टाकीत स्टायरीन साठलेलं होतं. स्टायरीनचे रेणू आपोआपही जुळू लागतात. त्यातून उष्णता निघते आणि उष्णतेनं जुळणं आणखी वाढतं. टाकीचं तापमान मोजलं जात होतं, पण फक्त तळाशी. वरचा थर तापत गेला, तो दिसलाच नाही. 7 मे 2020 च्या पहाटे वाफ बाहेर पडून वस्तीत पसरली आणि 12 जणांचा जीव गेला. चौकशी समितीनं इतर त्रुटींबरोबर हीही नोंदवली.

भालकीहून पुण्या-हैदराबादला डिप्लोमा, इंजिनिअरिंगसाठी जाणाऱ्या मुलामुलींनो, कंट्रोल रूममध्ये बसाल तेव्हा समोर शेकडो आकडे असतील. प्रत्येक आकड्याचा सेन्सर नेमका कुठे बसवलाय, ते एकदा स्वतः जाऊन बघा. आणि जिथे सेन्सरच नाही, तिथे काय चाललंय, हेही विचारा.