तांबड्या-पांढऱ्यापलीकडचं कोल्हापूर

कोल्हापूर म्हटलं की बाहेरगावच्या पाहुण्यांची यादी ठरलेली. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर भेळ, तांबडा-पांढरा रस्सा आणि जाताना चपलांचा जोड. वेळ उरलाच तर न्यू पॅलेस. आमचं शहर रांगडं, तालमीतलं, तिखट खाणारं आणि त्याहून तिखट बोलणारं, असाच सगळ्यांचा समज. तो खोटा नाही हो! 'या बसा' म्हणताना आम्ही भांडतोय की काय असं पुण्याच्या माणसाला वाटतं. पण मैत्रिणींनो, या पैलवानांच्या गावाचा इतिहास उलगडून बघा, पानोपानी बाई भेटते.

मुळात इथली गादीच एका बाईनं उभी केलेली. १७०० साली छत्रपती राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणी जेमतेम पंचविशीच्या. समोर औरंगजेब. सात वर्षं त्या लढल्या, बादशहा इथल्याच मातीत गेला. पुढं १७१० मध्ये त्यांनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली, तेच आपलं करवीर राज्य. चारच वर्षांत सवत राजसबाईंनी त्यांना कैदेत टाकलं, हेही सांगायला हवं. बायकांचा इतिहास म्हणून तो सगळा गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पुढं अठराव्या शतकातच जिजाबाई राणीसाहेबांनीही राज्याचा कारभार पाहिला. आज कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्याला वळसा घालून आपण रोज भाजी आणायला जातो, मान वर करून किती जणी बघतो?

शाहू महाराजांचं नाव प्रत्येक भाषणात असतं. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा, जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं, राधानगरीचं धरण, शाहू मिल, १९१२ चं खासबाग मैदान, हे सगळ्यांना पाठ असतं. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड! त्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला.

मला मात्र महाराज खरे कळले ते त्यांच्या सुनेच्या गोष्टीतून. १९१८ मध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले. मागं राहिल्या इंदुमतीदेवी, वय अकरा-बारा. म्हणजे आपल्याकडं सहावीतली पोर! त्या काळच्या राजघराण्यात अशा विधवेचं आयुष्य पडद्याआड संपायचं. महाराजांनी तिला शिकवायचं ठरवलं. विरोध घरातूनच झाला. महाराज हटले नाहीत. सोनतळीला तिची वेगळी सोय केली, शिक्षक नेमले आणि एकटी पडू नये म्हणून बरोबर शिकायला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. तिला डॉक्टर करायचं त्यांच्या मनात होतं. पण १९२२ मध्ये ते गेले. इंदुमतीदेवी १९२५ साली मॅट्रिक झाल्या आणि नंतर स्वतः मुलींसाठी शाळा काढल्या. परक्याच्या घरात सुधारणा सांगणं सोपं असतं बाई, आपल्या उंबऱ्याच्या आत सांगायला छाती लागते.

सिनेमातही तेच. बाबूराव पेंटरांच्या १९२० च्या 'सैरंध्री'त बायकांची कामं बायकांनीच केली. बरी बाई पडद्यावर दिसायची नाही असा तो काळ. 'प्रभात' कंपनीही आधी इथलीच, १९२९ ची. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, त्याची हळहळ कोल्हापूरकर अजून करतात.

आणि वळिवडे! दुसऱ्या महायुद्धात घरदार तुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून १९४८ पर्यंत इथं छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातून इराणमार्गे आलेली. छावणीत त्यांची शाळा होती, चर्च होतं. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, गोऱ्या बायका बाजारात हातवारे करत भाव करायच्या आणि शेवटी दोन्हीकडच्या बायका हसायला लागायच्या. ते गेले आणि फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं तिथं वसली. तेच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे. तिकडं वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथं जाऊन आले तेव्हा इथल्या अनेकांना ते प्रथमच कळलं.

इतकं सगळं असलेल्या आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागं मुली होत्या ८३९. वाचून माझे हात गार पडले होते. पोटातच मुली नाहीशा होत होत्या, आणि त्याही पाण्यानं, पैशानं, साखर कारखान्यांनी सुखी असलेल्या गावांत. सोनोग्राफीवर नजर ठेवायला सुरुवात झाली, बराच गाजावाजा झाला. २०११ मध्ये आकडा ८६३ वर आला. वाढला खरा, पण निश्वास सोडावा इतका नाही.

बचत गटाच्या कामासाठी मी वस्त्यांत आणि जवळच्या खेड्यांत फिरते. दोन मुलींवर थांबलेली सून दाखवा म्हटलं तर सापडते आता, पूर्वी बोटावर मोजण्याइतक्या होत्या. पण अजूनही अंबाबाईची ओटी भरायची आणि नवस मात्र नातवाचा बोलायचा, हे चालूच आहे! गेल्या महिन्यात एका घरी सासूबाई मला म्हणाल्या, "ताई, तुमचं सगळं पटतंय, पण शेताला वारस नको व्हय?" मी त्यांना ताराराणींचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती राणी हुती." मग इंदुमतीदेवींचं सांगितलं. त्या गप्प झाल्या. चुलीपुढं बसलेल्या सुनेनं तेवढं विचारलं, "सोनतळी म्हंजे आपली ह्यो इथलीच का ओ?"