हेन्स्लोची वही

शेक्सपिअरच्या काळात लंडनमध्ये नाटक कसं उभं राहत असे, हे समजून घ्यायला नाटकांची छापील पुस्तकं फारशी उपयोगी पडत नाहीत. लेखकाला किती पैसे मिळाले, कपडेपटावर काय खर्च झाला, कोणत्या दिवशी किती गल्ला जमला, हे त्यांत कुठून येणार? ते सापडतं फिलिप हेन्स्लो नावाच्या थिएटरमालकाच्या हिशेबाच्या वहीत. अभ्यासक तिला ‘हेन्स्लोची डायरी’ म्हणतात, पण तिला रोजनिशी समजून उघडणाऱ्याची निराशा होईल. ही रोजकीर्द आहे, आणि इंग्रजी रंगभूमीच्या इतिहासात तिच्या तोडीचं दुसरं साधन नाही.

वही मुळात त्याचीही नव्हती. त्याचा भाऊ जॉन याने 1576 ते 1581 या काळात ससेक्समधल्या अ‍ॅशडाउन जंगलातल्या खाणकामाचे आणि लोखंड गाळण्याचे हिशेब तिच्यात लिहिले होते. कोरी पानं बरीच उरली होती. कागद महाग. फिलिपने वही उलटी केली आणि 1592 पासून दुसऱ्या टोकाकडून आपले हिशेब लिहायला घेतले. 1587 मध्ये जॉन चोमली नावाच्या किराणा व्यापाऱ्याशी भागीदारीचा करार करून त्याने थेम्सच्या दक्षिण काठावर ‘रोज’ हे थिएटर उभारलं होतं. शिवाय तो वस्तू गहाण ठेवून घेई, घरं भाड्याने देई, अस्वलांच्या झुंजींच्या धंद्यात भाग घेई आणि चर्चच्या कारभारातही असे. वहीत हे सगळं शेजारी शेजारी आहे. चोरीला गेलेली वस्तू शोधण्याचा मंत्र आहे, वटवाघळाच्या रक्ताने चर्मपत्रावर काय लिहावं याचा तोडगाही आहे.

पहिली काही वर्षं नोंद साधी: तारीख, नाटकाचं नाव, रक्कम. ही रक्कम म्हणजे साधारणपणे गॅलरीच्या उत्पन्नातला मालकाचा अर्धा वाटा. 3 मार्च 1592 रोजी ‘हॅरी द सिक्स्थ’ला 3 पौंड 16 शिलिंग 8 पेन्स, म्हणजे त्या हंगामातली घसघशीत कमाई. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा शेक्सपिअरच्या ‘सहाव्या हेन्री’चा पहिला भाग. जानेवारी 1594 मध्ये ‘टायटस अँड्रॉनिकस’ येतं. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूइंग्टन बट्स या थिएटरात ‘हॅम्लेट’ होतं आणि वाट्याला येतात फक्त 8 शिलिंग. हे आपल्या ओळखीचं ‘हॅम्लेट’ नव्हे. ते 1600च्या आसपासचं. हे त्याआधीचं, आता हरवलेलं.

शेक्सपिअरचं नाव मात्र या वहीत एकदाही नाही. त्याचं कारण सरळ आहे. लेखकांना दिलेल्या पैशांच्या नोंदी 1597च्या सुमाराला सुरू होतात, आणि 1594 पासून शेक्सपिअर प्रतिस्पर्धी ‘लॉर्ड चेंबरलेन्स मेन’ या मंडळीत होता. हेन्स्लो ज्यांना पैसे पुरवत होता ती मुख्यतः ‘अ‍ॅडमिरल्स मेन’ ही मंडळी. तिचा नायक एडवर्ड अ‍ॅलन. नाटककार मार्लोच्या फॉस्टसच्या आणि माल्टाच्या ज्यूच्या भूमिकांनी गाजलेला हा नट हेन्स्लोचा घरचाच माणूस होता, कारण 1592 मध्ये त्याने हेन्स्लोच्या सावत्र मुलीशी लग्न केलं. मला हे नाव नसणं फार मोलाचं वाटतं. एका प्रतिभावंताच्या प्रखर उजेडात जे दिसेनासं होतं, ते इथे स्पष्ट दिसतं.

काय दिसतं? कामाचा अफाट वेग. 1594-95च्या हंगामात या मंडळीने सुमारे 38 नाटकं केली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक नवी होती. आठवड्याचे सहा दिवस प्रयोग, आणि आज केलेलं नाटक सहसा उद्या नाही. नटांना एका वेळी किती भूमिका तोंडपाठ ठेवाव्या लागत असतील! एवढी नाटकं एकेका लेखकाच्या हातून होणं शक्यच नव्हतं, म्हणून ती वाटून लिहिली जात. मे 1602 मधली एक नोंद पाहा. अँथनी मंडे, मायकेल ड्रेटन, वेबस्टर ‘आणि बाकीचे’ यांना ‘सीझर्स फॉल’ या नाटकापोटी 5 पौंड उचल. एका नाटकाला चार-पाच हात. हे नाटक आज कुठेही नाही. पुढे ‘द डचेस ऑफ माल्फी’ लिहिणारा हाच तो वेबस्टर. त्याची उमेदवारी अशी वाटणीच्या लेखनात झाली.

उचल हा या वहीचा स्थायीभाव आहे. टॉमस डेकर 1598 मध्ये कर्जापायी तुरुंगात पडला, तेव्हा त्याला सोडवायला 40 शिलिंग दिल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी त्यावरून हेन्स्लोला अडाणी, लेखकांचं रक्त शोषणारा सावकार ठरवून टाकलं. 1615 मध्ये नटांनीच त्याच्याविरुद्ध तक्रारींची यादी केली होती. तो आम्हाला मुद्दाम कर्जात ठेवतो, असा त्यांचा आरोप होता. तो खोटा मानायचं कारण नाही. पण नाटकमंडळीच्या वतीने पैसे पुरवणारा माणूस आणि स्वतःसाठी लेखकांना पिळणारा माणूस यांत फरक आहे, हे नील कार्सन, कॅरल रटर यांच्यासारख्या पुढच्या अभ्यासकांनी नोंदी पुन्हा वाचून दाखवून दिलं, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. नाटक निवडत होती मंडळी. हेन्स्लो पैसे मोजत होता.

पैसे सर्वांत जास्त कशावर जात? कपड्यांवर. बालगंधर्वांच्या शालूंच्या आणि अत्तराच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये, तरी आकडे पाहून थबकायला होतं. 1603 मध्ये टॉमस हेवुडला ‘अ वुमन किल्ड विथ काइंडनेस’ या संपूर्ण नाटकाचे 6 पौंड मिळाले. त्याच नाटकासाठी घेतलेल्या काळ्या मखमलीच्या एका झग्याचे 6 पौंड 13 शिलिंग. हेवुडचं नाटक आजही वाचलं जातं. झगा विरून गेला.

मार्च 1598 मध्ये मंडळीच्या सामानाची याद झाली. तिच्यात एक खडक, एक पिंजरा, एक थडगं, नरकाचं एक तोंड. सर्बेरस या कुत्र्याची तीन डोकी. फॉस्टससाठी ड्रॅगन. ‘ज्यू’साठी कढई. रोम शहर, म्हणजे बहुधा रंगवलेला पडदा. त्याच सुमाराच्या कपड्यांच्या एका नोंदीत ‘अदृश्य होण्यासाठीचा झगा’ आहे. तो अंगावर चढवला की प्रेक्षकांनी समजून घ्यायचं, हे पात्र आता कुणाला दिसत नाही. एलिझाबेथच्या काळातला रंगमंच ओकाबोका होता, सगळं शब्दांतून उभं राहत असे, असं आपण वर्गात शिकतो. ही याद वाचल्यावर ते तितकंसं खरं वाटत नाही.

या यादीची मूळ प्रत हरवली आहे. एडमंड मलोन या अभ्यासकाने 1790 मध्ये ती छापली म्हणून आपल्याला माहीत तरी आहे. अ‍ॅलनने 1619 मध्ये डलिच इथे कॉलेज स्थापन केलं आणि सासऱ्याची कागदपत्रं त्याच्याबरोबर तिथे गेली. मलोनने वही नेली ती त्याच्या मृत्यूनंतर, 1812 मध्ये परत आली. कुणी सह्यांच्या हौसेपायी पानांचे तुकडे कापून नेले. त्यांतले काही आज इतर संग्रहांमध्ये आहेत.

त्याहून वाईट घडलं ते जॉन पेन कॉलियरच्या हाती. 1845 मध्ये त्याने ही वही संपादून छापली. तो विद्वान होता, नाटकावर त्याचं खरं प्रेम होतं आणि त्याने खोट्या नोंदी घुसडल्या. ‘फॉस्टस’मध्ये भर घातल्याबद्दल 20 डिसेंबर 1597 रोजी डेकरला पैसे दिल्याची नोंद अशीच बनावट. नॅशच्या ‘आइल ऑफ डॉग्ज’ या नाटकाबद्दलच्या नोंदीही बनावट. ही लबाडी निवडून निवडून केलेली आहे: जिथे अभ्यासकांना माहितीची भूक होती, नेमकी तिथेच. कॉलियरच्या दुसऱ्या एका ‘शोधा’चं, शेक्सपिअरच्या जुन्या प्रतीतल्या दुरुस्त्यांचं, बिंग 1859च्या सुमाराला ब्रिटिश म्युझियममध्ये फुटलं. शाईखाली पेन्सिलीच्या खुणा सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. डलिचच्या कागदांतल्या बनावट नोंदींची यादी जॉर्ज वॉर्नरने 1881च्या सूचीत केली, आणि पुढे डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेगने 1904 ते 1908 या काळात वहीची विश्वासार्ह आवृत्ती सिद्ध केली. तोवर कितीतरी पुस्तकांमध्ये कॉलियरची विधानं इतिहास म्हणून शिरली होती. अशा माणसाबद्दल मला सहानुभूती वाटत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं शाईचा रंग आणि अक्षरांची वळणं तपासत खरं-खोटं वेगळं केलं, त्यांचं काम मात्र मला कोणत्याही टीकाग्रंथाइतकंच मोलाचं वाटतं.

‘फॉस्टस’ला खरी भर पडलीच होती. 22 नोव्हेंबर 1602 रोजी विल्यम बर्ड आणि सॅम्युअल रोली यांना त्यासाठी 4 पौंड दिले गेले. या नाटकाच्या 1604 आणि 1616च्या छापील प्रतींमध्ये शेकडो ओळींचा फरक आहे, आणि त्यावरचा सगळा वाद या एका नोंदीभोवती फिरतो.

वहीची दुसरी परीक्षा 1989 मध्ये झाली. लंडनमध्ये साउथवर्क पुलाजवळ ऑफिसची नवी इमारत होणार होती. खोदताना ‘रोज’चा पाया लागला. इमारत थांबवावी म्हणून नट आणि प्रेक्षक रस्त्यावर उतरले, पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट आणि इयन मकेलन त्यांत होते. अखेर आराखडा बदलून इमारत अवशेषांच्या वर, त्यांना धक्का न लावता उभारली गेली. वहीत 1592च्या बांधकामाचे सुमारे 105 पौंड नोंदले आहेत: विटा, चुना, वाळू, खिळे, छप्पर शाकारणारा, रंगमंच रंगवणारा. बरेच अभ्यासक ही डागडुजी समजत होते. जमिनीत दिसलं की उत्तरेकडची भिंत बाहेर सरकवली होती, रंगमंच मागे नेला होता आणि प्रेक्षकांची जागा वाढवली होती. 1587चा पहिला रंगमंच पुढून मागे जेमतेम 5 मीटर होता. एवढ्याशा जागेत मार्लोची सैन्यं आणि सिंहासनं कशी मावत असतील, हा प्रश्न आता नाटकांच्या संहिता हातात घेऊन नव्याने सोडवला जातो आहे. थिएटरचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून खणलेला नाही. वहीची पानं मात्र डलिच आणि किंग्ज कॉलेज यांच्या प्रकल्पामुळे इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य पाहता येतात.