लाल दिवा विझत नाही तेव्हा
घरातली वीज : भाग 7

मागच्या आठवड्यात अर्थिंग पाहिलं. आज गीझर, तोही एकाच तक्रारीपुरता.

ती तक्रार परवा शेजारच्या मावशी घेऊन आल्या. "सकाळधरून लाल दिवा जायला तयारच नाही बघा. नळ सोडला तर आधी वाफच आली. पाणी निस्तं उकळायलंय." मी आधी मेन स्विच बंद केला. गीझर पूर्ण निवेपर्यंत त्याला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका.

जळकोटच्या थंडीत आपण खोल्या तापवत नाही, तापवतो ते आंघोळीचं पाणी. पूर्वी त्यासाठी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी आणि वर नुसतं झाकण. पाणी उकळलं तर वाफ झाकण हलवून निघून जायची. गीझरची टाकी मात्र चहूबाजूंनी बंद असते. तिथे वाफेला वाट ठेवावी लागते आणि वीज वेळेवर तोडावी लागते. वीज तोडायचं काम थर्मोस्टॅटचं.

त्याची परीक्षा घड्याळावर होते. मावशींचा गीझर 15 लिटरचा, 2000 वॅटचा. 20 अंशांचं पाणी 60 अंशांवर न्यायला त्याला साधारण 21 मिनिटं लागतात. तेवढ्यात दिवा विझायला हवा. नाही विझला, तर आणखी 21 मिनिटांत तेच पाणी उकळायला लागतं. एमसीबी याला अडवत नाही. गीझर नेहमीइतकाच, म्हणजे 8.7 अँपिअर करंट ओढत असतो, एमसीबीला त्यात वावगं काही दिसत नाही.

पण लगेच थर्मोस्टॅटवर खापर फोडू नका. रब्बीत शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले, तर 2000 वॅटचा गीझर जेमतेम 1200 वॅटचं काम करतो आणि 21 मिनिटांची 34 होतात. म्हणून दिव्याबरोबर पाणीही बघा. दिवा चालू आणि पाणी कोमट, तर व्होल्टेज, कॉइल किंवा उघडा राहिलेला गरम नळ तपासा. दिवा चालू आणि पाणी वाफाळतं, तर थर्मोस्टॅट गेला. बटण बंद करूनही दिवा जळत असेल, तर बटणातलेच पॉइंट चिकटलेत. 6 अँपिअरच्या बटणावर गीझर चालवला की हे आज ना उद्या होतंच. त्याला 16 अँपिअरचंच बटण हवं.

मावशींच्या गीझरची कॉइल बाहेर काढली तेव्हा तांब्याचा रंग कुठे दिसेना. पांढरट, खरबरीत पुटं चढलेली. चमच्याने ठोकलं तर खपल्या पडल्या. हे बोअरच्या पाण्याचं काम. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. जड पाणी तापलं की त्यातला चुना तळाशी आणि कॉइलवर बसतो. थर्मोस्टॅटची दांडी ज्या नळीत असते तिच्यावरही तो बसतो, मग पाण्याची ऊब दांडीपर्यंत उशिरा पोचते. शिवाय वीज तोडताना प्रत्येक वेळी ठिणगी पडते. वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन पॉइंट एकदाचे वितळून चिकटतात. मावशींकडे दोन्ही झालं होतं.

माझा जीव घाबरला तो पुढचं पाहून. थर्मोस्टॅट हुकला तर सांभाळायला कटआउट असतो. तो मागच्या हिवाळ्यात सारखा पडत होता, म्हणून कुणी मेकॅनिकने दोन्ही टोकं वायरने जोडून तो 'डायरेक्ट' करून दिलेला. कटआउट पुन्हा पुन्हा पडतो, कारण थर्मोस्टॅट बिघडत चाललेला असतो. तो सावध करत होता, त्याचंच तोंड बंद केलं गेलं. उरला होता फक्त प्रेशर व्हॉल्व्ह, आणि तो "गळतोय" म्हणून बुजवायचा बेत चालला होता. 15 लिटर पाणी तापताना पेलाभर फुगतं. तेवढं ठिबकणं म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत असल्याची खूण. त्यावर टेप, एम-सील काही लावू नका.

नवा थर्मोस्टॅट आणि कटआउट काही शे रुपयांत येतात. जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, आणि तो निघण्याआधी समोर उभं राहून विचारा, "कटआउट जोडलाय की डायरेक्ट केलाय?" उत्तर 'डायरेक्ट' आलं, तर तो गीझर मेनमधूनच बंद ठेवा आणि नवा कटआउट येईपर्यंत पाणी चुलीवर तापवा.